ओळंब्याने बुजवलेल्या दरजा

शाळेच्या वाचनालयाची मागची भिंत ओली का, हा प्रश्न मी तिथली ग्रंथपाल म्हणून बावीस वर्षं सांभाळला. पुस्तकं उन्हात घातली, कपाटं पुढे ओढली. उत्तर ज्याच्याकडे होतं, तो गवंडी मात्र मला रोज रस्त्यात भेटत होता.

भिंतीची सरळ रेषा तपासायला गवंडी दोरीला वजन टांगतात, त्या वजनावरून त्याला सगळे ओळंबा म्हणत. अंगकाठी सरळ, बोलणं त्याहून सरळ. घराण्याचा इतिहास तो एका दमात सांगे. "पणजोबांनी मातीत बांधलं, आजोबा-वडिलांनी दगडचुन्यात, मी सिमेंटात. सूनबाई लोखंडात बांधते. ती तर भिंतीला हातही लावत नाही, कागदावरच घर उभं करते!"

सून पूल आणि इमारतींची इंजिनियर. शाळेची इमारत तपासायचं काम तिच्याकडेच आलं आणि तिने अहवालात लिहिलं, 'वाचनालयाची खोली पाडावी.' ओलीने दगडांचा भुगा होत होता. खोली लगेच रिकामी केली.

ऐकल्याबरोबर ओळंबा सुनेला घेऊन आला. भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभा राहिला. मग दोन दगडांमधल्या फटीवर, म्हणजे दरजेवर, त्याने टिचकी मारली. आत टणक सिमेंट.

"सूनबाई, ही पाडायची नाही."

"मामंजी, भिंत पार भिजलीय. उद्या पोरांच्या अंगावर आली तर?"

"भिजलीय कारण तिचं नाक-तोंड दाबलंय. आणि दाबणारा मीच."

मग त्याने सांगितलं. तरुणपणी इथल्या दरजा त्यानेच सिमेंटने बुजवल्या होत्या. वडील म्हणाले होते, चुन्याच्या भिंतीला चुनाच दे. "मी म्हटलं, म्हाताऱ्याला नवीन काय कळतंय! जमिनीतली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळायची. मी तिची वाट बंद केली. मग ती दगडातून निघाली, आणि तिने दगड खाल्ला."

"म्हणजे जुनं ते सोनं?" सुनेने चिमटा काढला.

"छे! तुझ्या पुलाला मी चुना लाव म्हणतोय का? ज्याचं त्याला. मला अर्धी भिंत दे आणि एक उन्हाळा."

"आणि नाही वाळली तर?"

"तर पहिला घण मी घालीन."

सुनेने अहवाल थांबवला. सतरा दिवस ओळंबा छिन्नीने सिमेंट खरवडत होता. मशीन आणू का, असं मी विचारलं तर म्हणाला, "बाई, दात काढताना जबडा काढायचा नसतो." पिंपात मुरवलेला चुना लोण्यासारखा मऊ झाला होता, त्यात वाळू मळून त्याने एकेक दरज भरली. नवा चुना घाईने वाळून तडकू नये म्हणून वर ओलं गोणपाट टाकून रोज पाणी शिंपडायला स्वतः यायचा. उरलेल्या अर्ध्या भिंतीला त्याने बोटही लावलं नाही.

उन्हाळा संपता संपता सून ओल मोजायचं यंत्र घेऊन आली. सिमेंटच्या बाजूला काटा शेवटापर्यंत गेला. चुन्याच्या बाजूला जेमतेम हलला. तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग भिंतीवर स्वतःचा तळहात ठेवला.

"यंत्र बिघडलं वाटतं," ओळंबा छताकडे बघत म्हणाला.

"यंत्र ठीक आहे, मामंजी. अहवाल बिघडलाय."

तिने तिथेच 'पाडावी' खोडून 'चुन्यात दुरुस्त करावी' लिहिलं. पुढे कारणाचा रकाना होता. 'सिमेंटने बुजवलेल्या दरजा,' तिने लिहिलं.

ओळंब्याने वाकून वाचलं. "कोणी बुजवल्या ते लिही."

"अहवालात सासऱ्यांची तक्रार लिहीत नाहीत."

"मग गवंड्याची लिही. आणि वडिलांनी सांगूनही ऐकलं नाही, हेही. पुढचा गवंडी वाचेल."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने लिहिलं. तोवर ओळंब्याने छिन्नी उचलून उरलेल्या अर्ध्या भिंतीची पहिली दरज फोडायला घेतली होती.