तपासणीच्या दिवशी अक्काला सुट्टी

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मी हजेरी आणि कागदपत्रांचं काम करते. बसायला काचेमागची खोली, डोक्यावर पंखा, आणि काचेवर दर दोन तासांनी पिवळट थर. तो मी ओल्या फडक्याने पुसते. काच पुसायचं मला कधी कुणी सांगितलं नाही, पण समोरचं नीट दिसलं पाहिजे असा माझा हट्ट असतो. प्रत्यक्षात मला किती दिसत होतं, ते आता लिहिते.

तुरीची डाळ भरडली की टरफलं आणि बारीक पीठ वाऱ्याने एका कोंदट खोलीत जाऊन पडतं. तिला आम्ही भुशाची खोली म्हणतो. तिथला भुसा पाट्यांनी ओढून पोत्यांत भरायचा. गुरांना जातो तो, चांगला खपतो. हे काम अक्काकडे होतं. धरणगावकडची बाई, पन्नाशीतली, अंगाने काटकुळी, बोलायला खमकी. पदराचं टोक नाकावरून घेऊन मागे गाठ मारायची आणि आत शिरायची. बाहेर यायची तेव्हा भुवया, पापण्या सगळं हळदीच्या रंगाचं झालेलं. मी तिला चिडवायचे, "अक्का, पुन्हा हळद लागली वाटतं!" ती हसायची आणि हसता हसता खोकायची. मीही हसायचे. तो खोकला मला त्या गमतीचाच भाग वाटायचा, आता हे आठवलं तरी कान तापतात.

मिलमध्ये एक जुनी रीत आहे. संध्याकाळी काम सुटलं की प्रत्येकाला गुळाचा खडा. दिवसभर पोटात गेलेली धूळ गुळाने खाली उतरते, अशी समजूत. मालकांच्या वडिलांनी सुरू केलं आणि पुढे ते माझ्याकडे आलं. ढेप फोडायची, डब्यात भरायची, दारात उभं राहून वाटायची. मला त्याचा भारी अभिमान होता. खाऊ वाटल्यासारखं वाटायचं. अक्का खडा गालात धरून म्हणायची, "गूय खादा म्हंजे बठ्ठी धूय उतरी जास, ताई." मी मान डोलवायचे. धूळ जाते छातीत आणि गूळ जातो पोटात, एवढं मला बारावी सायन्स झालेलीला कळत नव्हतं असं नाही. पण गूळ वाटला की आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

करोनानंतर एकदा मालकांनी मास्कचा खोका आणला. साधे कापडी नव्हेत, पुढे गोल झडप असलेले जाड मास्क. पहिल्या दिवशी सगळ्यांनी लावले. दुसऱ्या दिवशी अक्काने काढून माझ्या टेबलावर ठेवला. "तेनामा दम कोंडाई जास, ताई." मे महिना, वर पत्रे, आत भुसा, तिचं खोटं नव्हतं. मी म्हणू शकले असते की थोडा थोडा वेळ काम करा, मध्ये बाहेर या, मी मालकांशी बोलते. मी म्हणाले, "बरं, राहू द्या. गूळ आहेच." आणि खोका कपाटात ठेवला. त्या दिवाळीत घराचा माळा झाडायचा होता. मला धुळीने शिंका येतात, म्हणून त्यातले दोन मास्क मी पर्समध्ये टाकून घरी नेले. एक मला, एक नवऱ्याला. अर्ध्या तासाची घरची धूळ, आणि तेवढ्यासाठी मास्क. आपला तो बाब्या म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच असावं.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. वर्षातून एकदा कामगारांच्या तपासणीची गाडी येते. रक्तदाब, डोळे, आणि एक नळी, तिच्यात जोरात फुंकायचं. किती हवा बाहेर पडते ते मशीन सांगतं. पहिली मी फुंकायचे. डॉक्टर म्हणायचे, "मस्त!" मला बक्षीस मिळाल्यासारखं व्हायचं. बाकीच्यांची यादी मीच करून द्यायची. मालकांनी एका वर्षी यादी चाळली आणि जाता जाता म्हणाले, "कुणाचं उगाच काही वाईट निघायला नको. तुम्ही बघून घ्या." एवढंच. त्यांना स्पष्ट बोलावं लागलं नाही, इतकी मी समजूतदार.

त्या आठवड्यात अक्का जिना चढून ऑफिसात आली आणि बोलायच्या आधी खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. श्वास बसल्यावर म्हणाली, "त्या मशिनमा फुकं आनि कमी उनं, तं माले काढी टाकतीन का, ताई?" नवरा गेलेला, मुलगा तेव्हा बेकार, घर तिच्या हजेरीवर. मी आवाज खाली आणून सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही येऊच नका. हजेरी मी लावते." तिने माझे दोन्ही हात धरले. दुसऱ्या दिवशी भरताची वांगी घेऊन आली, हिरवी, तुकतुकीत. मी घरी भरीत केलं आणि सगळ्यांना सांगत बसले की बाई किती जीव लावते.

असं लागोपाठ तीन वर्षं केलं. तपासणीच्या दिवशी अक्काला सुट्टी, हजेरीपुस्तकात ती हजर. मला वाटायचं, मी तिची नोकरी वाचवतेय. वाचवतही होते. पण कुणाच्या जिवावर, हे स्वतःला विचारायला मी कधी थांबले नाही.

चौथ्या वर्षी तिला एक पोतंही उचलेना. मुलाने धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. फुफ्फुसं आतून कडक झालीत, गेलेलं परत येणार नाही, आधी कळलं असतं तर तिथून बाजूला काढून जपता आलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मुलाने हे मला फोनवर सांगितलं, जसंच्या तसं, माझ्यावर काडीचाही संशय न घेता. उलट म्हणाला, "आई तुमची लई आठवण काढते."

भेटायला जायला मला चार महिने लागले. चोराच्या मनात चांदणं. शेवटी एका रविवारी धरणगावला गेले. अक्का भिंतीला उशी लावून बसली होती, आडवं झालं की गुदमरायचं म्हणून. तिने सुनेला पोहे करायला लावले. मी काय बोलायचं ते एसटीत घोकून गेले होते, पण तिनेच आधी तोंड उघडलं. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द.

"तुमनामुयेच मनं काम टिकनं, ताई. आते मनी सूनले लाई द्या, मनी जागावर. तुमी शेतस, माले कायजी नही."

मी म्हणाले, "त्या खोलीत नको, अक्का." तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मला तिची सून पसंत नाही. मग मला बोलावंच लागलं. तपासणी कशासाठी असते, तिला का येऊ दिलं नाही, मालक काय म्हणाले होते, मी काय समजले होते, सगळं सांगितलं. अक्का ऐकत होती. पोह्यांची ताटली हातात घेऊन सून दारात उभी होती. तिने ताटली खाली ठेवली आणि मिलमधल्या सगळ्यांसाठी विचारलं, "मंग आते तरी बठ्ठ्यासले धाडतस का फुकाले?"

पुढच्या सोमवारी गाडी येणार होती. यादी माझ्या पर्समध्ये होती. अक्काच्या आजाराचं सगळं कळून चार महिने झाले होते आणि तरी त्या यादीतून भुशात काम करून खोकणाऱ्या तीन बायकांची नावं मी गाळली होती. ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. तिथेच यादी काढली आणि तिन्ही नावं लिहिली.

तिघींचंही फुंकणं कमी आलं. मी मालकांकडे गेले, म्हटलं, यांना डाळ निवडायला बसवा. ते म्हणाले, निवडायला आता मशीन आहे. एकीला पॅकिंगला घेतलं, दोघींना घरी बसवलं. त्या दोघी बाजारात दिसल्या की तोंड फिरवतात. एकीने तर भर भाजीबाजारात मला ऐकवलं की अक्कासाठी करत होतीस, आमच्यासाठी करायला काय झालं होतं.

अक्काकडे मी महिन्यातून एकदा जाते. ती मला जेवल्याशिवाय उठू देत नाही, आणि सगळं ऐकूनही शेजारणींना सांगते की या ताईंनी मला फार सांभाळलं. त्यापेक्षा बाजारातल्या त्या दोघी बऱ्या वाटतात.