पांढरीची भाजी

कावीळ उतरली, पण तिचा थकवा काही माझ्या अंगातून जाईना. डॉक्टरांनी ऑफिसला जायला मनाई केलेली. तो सगळा हिवाळा मी कोपरच्या आमच्या घरात, हॉलमधल्या दिवाणावर पडून काढला. नवरा सकाळी कामावर जायचा, मग घरात मी आणि सासूबाई. सासूबाई शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. दुपारी त्या खिडकीशी बसून पेपर वाचायच्या आणि मी झोप नि जाग यांच्या मधे कुठेतरी तरंगत असायचे. खाडीवरून वारा आला की पडदा फुगायचा, उन्हाचा पट्टा भिंतीवरून हळूहळू सरकायचा. वेळ कळायचीच नाही. जेवणाचं ताट समोर आलं की मात्र जाग यायची, कारण अन्न बघितलं तरी नको व्हायचं.

अशाच एका दुपारी शेजारची कॉलेजातली मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात मोठा पिंजरा. तिच्या वडिलांची बदली बंगळुरूला झालेली, सामान निघालेलं.

"काकू, नवीन घरमालक पेट्स नको म्हणतो. या दोघींना ठेवाल का?"

पिंजऱ्यात दोन गिनी पिग होते. एक पांढरी, एक तपकिरी. शेपूट नाही, कान पाकळ्यांसारखे, डोळे काळेभोर मणी.

"दोघी बहिणी आहेत," ती म्हणाली. "काही त्रास नाही. दुकानातलं पाकिटाचं खाणं देते मी, आणि मधेमधे ब्रेड, बिस्किट."

मी अर्धवट झोपेतच हो म्हणून गेले. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "उंदीर पाळायचे आता?"

"अहो आई, उंदीर नाहीत ते."

"मग शेपूट कापलेले उंदीर," त्या म्हणाल्या आणि पेपर उलटला.

पिंजरा माझ्या दिवाणाजवळच ठेवला. डोळे मिटून पडलं की त्यांची बारीक कुजबुज ऐकू यायची, कुणीतरी दूर पाण्याशी बोलत बसल्यासारखी. मला ते आवडायला लागलं. मी मुलीने सांगितलं तेच खाणं घालत राहिले. पण काही दिवसांनी पांढरी कोपऱ्यात बसून राहायला लागली. केस पिंजारलेले. चालली तर मागचे पाय ओढत चालायची. बिस्किट हुंगून तोंड फिरवायची. तिचं ते तोंड फिरवणं मी ओळखलं. मीही रोज ताटासमोर तेच करत होते.

नवऱ्याने ठाण्यात नौपाड्याला प्राण्यांच्या डॉक्टर शोधून काढल्या आणि शनिवारी गाडी बोलावली. आजारपणानंतर मी पहिल्यांदाच एवढी लांब निघालेले. पांढरी माझ्या मांडीवर, टॉवेल अंथरलेल्या टोपलीत. खाडीवरच्या नव्या पुलावर आलो तेव्हा खाली धुकं होतं आणि तिवरांचे नुसते शेंडे वर आलेले. पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे सुरू होतं, समजत नव्हतं. टॉवेलमधून तिची ऊब मांडीला लागत होती. मला वाटलं, हा पूल संपूच नये.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पांढरीचे पाय हळूच दाबून पाहिले, ती किंचाळली.

"खायला काय देता?"

मी सांगितलं.

"ताज्या भाज्या?"

"नाही."

"अहो, ह्यांचं आपल्यासारखंच आहे. क जीवनसत्त्व ह्यांच्या शरीरात तयार होत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की सांधे सुजतात, भूक जाते. थेंब लिहून देते. पण खरं औषध भाजीबाजारात आहे. ढोबळी मिरची, कोथिंबीर, थोडी काकडी, थोडं गाजर. पालक आणि कोबी अगदी कमी. बटाटा, कांदा, लसूण अजिबात नाही. ब्रेड-बिस्किट आजपासून बंद. आणि गवत मात्र पोटभर, दिवसभर. सुकं गवत ऑनलाइन मिळतं."

"बरी होईल ना?"

"खायला लागली की होईल," त्या म्हणाल्या. "तुम्हीही जरा खा. चेहरा उतरलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः भाजी आणायला खाली उतरले. स्टेशनच्या रस्त्यावर गावाकडच्या बायका पालेभाजी घेऊन बसतात. थंडीतली कोथिंबीर ओली, गच्च, मुळांना माती. ती नाकाशी धरली आणि कित्येक आठवड्यांनी मला काहीतरी खावंसं वाटलं. घरी येऊन भाजी दोन पाण्यातून धुतली, पंच्यावर पसरली, मिरचीच्या बिया काढून लांब फोडी केल्या.

तपकिरीने ताटलीवर झडप घातली. पांढरी हललीसुद्धा नाही. मी जमिनीवर आडवी झाले आणि कोथिंबिरीची एक काडी तिच्या ओठांशी धरून राहिले. हात दुखायला लागला. ऊन भिंतीवरून फरशीवर उतरलं. मला डुलकी लागली असावी, कारण बोटांना हलका हिसका बसला तेव्हा मी दचकले. काडी आत चाललेली. कुटकुट करत, पान न पान, पार देठापर्यंत. मी दुसरी धरली. तीही गेली.

"आई, खातेय!"

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. हातातल्या काकडीची एक चकती त्यांनी माझ्यापुढे केली, पांढरीसाठी. उरलेली काकडी मीठ लावून माझ्या हातात दिली. आम्ही दोघींनी खाल्ली, पांढरीने आणि मी.

त्यानंतर सकाळ भाजीची झाली. पिशवी खुळखुळली की पिंजऱ्यातून शिट्टीसारखी किंचाळी उठायची, कुईक, कुईक. पांढरीचे पाय सरळ पडायला लागले, केस बसले. मी बाजारापर्यंत न दमता जायला लागले. एका मंगळवारी पालेभाजीवालीकडे रोजचं हिरवं गवत नव्हतं, तर मी शेजारच्या फुलवालीकडून दूर्वा घेतल्या, दोन जुड्या. एक देव्हाऱ्यात ठेवली, एक पिंजऱ्यात.

सासूबाईंनी पाहिलं. "अगं, गणपतीच्या दूर्वा उंदरांना?"

"उंदीर त्याचंच वाहन ना, आई?"

त्या थबकल्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. पुढच्या मंगळवारी त्या स्वतःच फुलवालीकडे गेल्या.

जानेवारी संपत आला तशी पांढरी चांगलीच गरगरीत झाली. भाजी मानवली, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो. मग एका सकाळी सासूबाईंची हाक आली. एरवी त्या शांत बोलणाऱ्या, पण आवाज वेगळाच होता.

"अगं, इकडे ये. मला दिसत नाहीये नीट, की मी अजून झोपेत आहे?"

मी धावत आले. पिंजऱ्यात पांढरीच्या पोटाशी आणखी तीन जीव होते. आंधळे, उघडेनागडे, गुलाबी गोळे नव्हेत. पूर्ण केस असलेले, डोळे टक्क उघडे, पायांवर उभे, आईवडिलांच्याच छोट्या नकला. रात्रीत कुणीतरी लोकरीतून विणून ठेवल्यासारखे. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो.

"बहिणी म्हणे!" शेवटी सासूबाई पुटपुटल्या.

मी नौपाड्याला फोन लावला. डॉक्टर हसल्या. "त्या दिवशी फार लवकरचे दिवस असणार, पिल्लं माझ्याही हाताला लागली नाहीत. नराला आत्ताच्या आत्ता वेगळं ठेवा, नाहीतर पुन्हा हेच. आणि आईला मिरची-कोथिंबीर वाढवा. पिल्लांनाही लागेल."

"एवढ्यात?"

"बघाच तुम्ही."

तपकिरी बहिणीला, म्हणजे बाप्याला, आम्ही धुण्याच्या मोठ्या टोपलीत हलवलं आणि टोपली पिंजऱ्याला लागूनच ठेवली, दिसत राहावं म्हणून. मग ताटली आत सरकवली. पांढरी खायला लागली. सगळ्यात धीट पिल्लू पुढे आलं, ताटलीच्या कडेवर दोन पाय टेकले आणि कोथिंबिरीचं एक पान ओढलं. जगात येऊन एक दिवसही झाला नव्हता. पान त्याच्या तोंडापेक्षा मोठं. ते चावत चावत मागे सरकलं आणि एकदम चारी पायांवर उडालं, तव्यातली लाही उडावी तसं. मग दुसरं उडालं. मग तिसरं. सासूबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या, लहान मुलीसारख्या. त्यांना असं हसताना मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"यांना कुठे द्यायचं नाही हं," त्या म्हणाल्या.

माझ्याही मनात तेच होतं.

उन्हाळा लागायच्या आधी मी पुन्हा ठाण्याला ऑफिसला जायला लागले. भाजीचं काम सासूबाईंनी घेतलं. गॅलरीतल्या कुंड्यांत त्यांनी गहू पेरले, कोवळे हिरवे तुरे कात्रीने कापून त्या पाचही जणांना वाटतात, शाळेत खाऊ वाटावा तसा, रांगेने, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. दांडगाई करणाऱ्याला शेवटी. मी संध्याकाळी घरी येते, चपला काढते आणि आधी फरशीवर आडवी होते. फरशी गार असते. कानाशी पाच तोंडं गहू चावत असतात, खूप दूर कुठेतरी शेतात पाऊस पडत असल्यासारखा तो आवाज येतो. सासूबाई विचारतात, "चहा ठेवू का?" मी हो म्हणते, पण उठत नाही. त्याही घाई करत नाहीत.