तेवीस जणांचा एक मोबाइल

पवनीच्या त्या कॉलेजात पगार घेणारे तेवीस होते आणि काम करणारा एक. त्या एकाला मात्र पगार नव्हता, मानधन होतं. अंकुश हेडाऊ त्याचं नाव. बाप देवाजी जन्मभर हातमागावर बसला. पोराने कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि कॉलेजच्या लॅबमध्ये हंगामी म्हणून चिकटला. अकरा वर्षं झाली, हंगाम काही संपला नाही.

अशात विद्यापीठाचं फर्मान आलं. ग्रंथालय, रजा, परीक्षेचे गुण, सगळ्यांची वेगवेगळी लॉगिनं बंद. कॉलेजच्या सर्व्हरवरचं जे काही आहे ते विद्यापीठाच्या एकाच ओळखीने उघडलं पाहिजे. प्रत्येकाने आपला पासवर्ड टाकायचा आणि आपल्याच मोबाइलवर आलेला कोड. प्राचार्य कृष्णरावांनी अंकुशला केबिनमध्ये बोलावलं.

"एवढं करून दे. तुह्या परमनंटची फाइल मी सोता विद्यापीठात नेऊन देतो."

कोपराला गूळ लावावा तर या माणसाने. पण घरी बायको स्वाती होती, दोन पोरी होत्या. अंकुशने विश्वास ठेवला.

पंधरा दिवस तो सर्व्हरशी झगडला. विद्यापीठ माणसाची ओळख पटवून पाठवायचं आणि कॉलेजचा सर्व्हर ती नाकारायचा. अखेर त्याचं त्यालाच सापडलं, की सर्व्हरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे, म्हणून विद्यापीठाची वेळ त्याच्याशी जुळत नाही. असणारच. कॉलेज त्याहून मागे होतं.

मग मोबाइल नंबर नोंदवायचा दिवस आला. प्राचार्य खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "माह्या नावावर तुहाच नंबर टाक. मी कायले त्या कोडच्या मांगं धावू?"

"पण सर, नियम हाये का ज्याचा त्याचा..."

"मले नियम शिकवून राहिला काय?"

साहेबांनी टाकला म्हटल्यावर उरलेल्या बावीस जणांनीही अंकुशचाच नंबर टाकला, आणि विसरू नये म्हणून आपापले पासवर्ड प्राचार्यांच्या केबिनमधल्या वहीत लिहून ठेवले. हे डॉक्टरेट मिळवलेले लोक! अंकुशने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही, कारण फाइल आठवली. आणि खरं सांगायचं तर सगळं कॉलेज आपल्या खिशात आलं, याचं त्याला थोडं बरंही वाटलं.

त्या दिवसापासून जेवताना, गाडी चालवताना, कुणाला ना कुणाला तो फोनवरून आकडे सांगत राहिला. एका रविवारी प्राचार्यांचा फोन आला. "रुखमिणी मॅडमचा कोड आला असन, सांग. मॅडम माह्याजवळच बसल्या हायेत." अंकुशने सांगितला.

महिन्याभराने विद्यापीठाची नोटीस आली. प्राचार्यांचा पुतण्या विक्की याच कॉलेजात शिकत होता; त्याचे वीसपैकी सहा गुण एकोणीस झाले होते, त्याला शिकवणाऱ्या रुखमिणी मॅडमच्या नावाने. मॅडम त्या रविवारी जवाहरनगरला लग्नात होत्या, आणि पंगतीतले फोटो त्यांच्याकडे होते. कोड गेला कुणाच्या मोबाइलवर? अंकुशच्या. तेवीसच्या तेवीस जणांनी कानांवर हात ठेवले. आमच्या नावावर त्याचा नंबर आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, असं सहीनिशी लिहून दिलं.

"चुकून झालं म्हनून लिहून दे," प्राचार्य त्याला केबिनमध्ये बोलावून म्हणाले. "उद्याच फाइल नेतो."

अंकुश बाहेर येऊन ऑफिसातले बाबू श्यामराव यांच्यापुढे उभा राहिला. "माह्या फाइलचा नंबर सांगा."

श्यामराव वर बघेनात. "तुह्या नावाची फाइल बनलीच नाही ना रे. कोनी सांगतलंच नाही."

अकरा वर्षं! अंकुशला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. तो लॅबमध्ये गेला. कोणत्या कॉम्प्युटरवरून कोण केव्हा आत शिरलं, हे सर्व्हर टिपून ठेवतो. त्या रविवारची नोंद प्राचार्यांच्या केबिनमधली होती. ती जोडून, आपण कोड सांगितला हेही न लपवता, त्याने विद्यापीठाला उत्तर पाठवलं. मग एकेक करून तेवीस नावांवरून आपला नंबर काढला. मार्चमध्ये त्याचा करार संपत होता, आणि आता तो कोणी वाढवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुण भरायची शेवटची तारीख. लॅबच्या दाराशी प्राध्यापकांची रांग लागली, ज्याचा त्याचा मोबाइल ज्याच्या त्याच्या हातात. अंकुश एकेकाचा नंबर निमूटपणे नोंदवत होता. सगळ्यांना बाजूला सारत कृष्णराव आत आले.

"आंधी माहा टाक."

"तुमचा नाही टाकता येत, सर. विद्यापीठानं तुमचं लॉगिन सकाळीच बंद केलं."