करवंदीला हात लावण्याआधी

वाडी सोडली त्या दिवशी आई मला बंदरावर पोचवायला आली. वाट सड्यावरून, कातळाच्या माळावरून. मध्ये करवंदीच्या जाळीत आमच्या जागेवाल्याचा, म्हणजे ती जागा राखणाऱ्या चाळोबाचा धोंडा. गाऱ्हाणं घालायचं पुरुषांनी, पण बाबा गेल्यापासून आईच घालायची. पोर मुंबईस चाललाय, त्याची राखण कर, असं तिने सांगितलं आणि मी रीतीप्रमाणे मागून "व्हय म्हाराजा" म्हटलं. पहिली चार हिरवी करवंदं तिने धोंड्यापुढे ठेवली, मग माझ्यासाठी ओटीभर तोडली. आगबोटीच्या होडीत बसेपर्यंत तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. रडलो मीच, आणि तेव्हा मला चांगली मिसरूड फुटली होती.

वाडीतल्या मंडळींनो, पुढे तुम्ही काय बोललात ते माझ्या कानावर आलं. म्हातारीला मुंबईत नेऊन कोंडली म्हणे! बोलायला तुमचं काय जातं? घरात ती एकटी, गुडघे धरलेले, विहीर पार उतारावर. मी गिरणीत साचेखात्यात, मागावर. रजा मागितली की मुकादम दाराकडे बोट दाखवायचा. लग्न झालं, परळला खोली मिळाली, तेव्हा मी तिला घेऊन आलो.

आली खरी, पण राहायला नाही. गाठोडं सोडीना. नळाचं पाणी तिला मचूळ लागे, घास उतरत नसे. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत मला पोचव, एवढाच धोशा. मी चिडायचो, बायको मला गप्प करायची. पण परत गेली तर पुढचा पावसाळा एकटी कशी काढणार, या काळजीने साच्यावर माझे हात चुकायला लागले.

चैत्रातल्या एका रविवारी तिला घाटकोपरच्या डोंगरावर नेलं. तिथे करवंदं आहेत असं गिरणीतला सोबती म्हणाला होता. आईचा विश्वास नव्हता. जाळीपाशी वाकून तिने जोडीजोडीने आलेले काटे पाहिले. बकरीने ओरबाडलेल्या पानाचा पांढरा चीक बोटावर घेतला, चिकटतो का बघितलं. आपलीच करवंदी, म्हणाली. मी पिशवी पुढे केली, तसा तिने हात मागे घेतला.

"हितला जागेवाला कोण?"

मुंबईत कसला आलाय जागेवाला, तोड मुकाट्याने, मी म्हटलं.

"नाव ठाव नाय, त्येच्या झाडाला हात लावू?" असं म्हणून ती भर उन्हात खाली बसली. माझं डोकंच फिरलं. बायको शहाणी. मोळी घेऊन उतरणाऱ्या एका बाईला तिने गाठून विचारलं. ती बाई हसली नाही. वरच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे बोट करून म्हणाली, वाघोबा.

आई गुडघे धरत तिथवर चढली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"वाघोबा म्हाराजा, मी परमुलखातली. आता पोराच्या घरी ऱ्हायला आल्येय. आमच्यावर नजर ठेव."

ऱ्हायला! मला नाही, सुनेला नाही, तिने आधी त्या दगडाला सांगितलं. मी म्हणायचं "व्हय म्हाराजा" बायकोने म्हटलं.

घरी आल्यावर आईने करवंदं ठेचली, मिठाच्या पाण्यात चीक काढला, मोहरी फेसून लोणचं घातलं आणि चाळीत वाटीवाटीने वाटलं. गाठोडं सुटलं. बोटी बंद झाल्या तरी तिने विषय काढला नाही. पुढे दर चैत्रात आम्ही तो डोंगर चढायचो. तिचे गुडघे अगदीच राहिले, तेव्हा गाऱ्हाणं मी घालू लागलो.

यंदा तिच्या वर्षश्राद्धाला गावी आलो. काकीबरोबर सड्यावर करवंदं काढायला गेलो. चाळोबाच्या धोंड्यापुढे पहिली चार ठेवली, हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "वाघोबा म्हाराजा..."

काकी थबकली. मला हाताने बाजूला सारून स्वतः पुढे झाली.

"चाळोबा म्हाराजा, मुंबैचा पाव्हणा आलाय. चुकलामाकला, पदरात घे."

पाव्हणा! शब्द झोंबला मला. पण आमच्या आईने मला कुठला करून ठेवलाय ते काकीला बरोबर कळलं होतं.