आंब्यांच्या खोलीत आम्ही तिघी

खोली बघायला गेलो तेव्हाच घरमालकीण काकूंनी सांगितलं होतं, "वैशाखात थोडे आंबे ठेवू हां तुमच्या कोपऱ्यात. चालेल ना?" आम्ही तिघींनी माना हलवल्या. जुलै महिना होता, अंगावरचे कपडे ओले होते, आंब्यांचा विचार कोण करणार. शिवाय आमचा शिवणाचा वर्ग मार्चमध्ये संपणार होता आणि एप्रिल लागताच परीक्षा व्हायची होती. तोवर आंबा काही घरात येत नाही.

मी चौथी शिकलेली. आमचं गाव आत, संगमेश्वरच्या बाजूला. पुढची शाळा लांब होती आणि घरात लावणीला माणूस कमी, म्हणून चौथीनंतर मी शेतातच गेले. विशीत आले तेव्हा ग्रामसेविका बाई घरी येऊन आईला म्हणाल्या की रत्नागिरीत मुलींसाठी शिवणाचा वर्ग आहे, चौथी पास चालते. मुलगी पास होऊन सर्टिफिकेट घेऊन आली तर गावच्या महिला मंडळाला मशीन मिळेल आणि तीच मुलगी गावात शिवण शिकवेल, थोडा पगारही मिळेल. आईने मुंबईला माझ्या भावाला विचारलं. त्याचं उत्तर आलं की एक वर्ष जाऊ दे, पण नापास झाली तर सरळ इकडे पाठव, बायकोला पोरांकडे बघायला माणूस हवंच आहे. म्हणजे पास झाले तर मी माझ्या घरात मशीनवर बसणार होते, नाहीतर वहिनीच्या हाताखाली. मला दुसरं काही समजावून सांगायला लागलं नाही.

खोली म्हणजे काकूंच्या घराची मागची पडवी. दोन बाजूंना चिऱ्याची भिंत, तिसऱ्या बाजूला पत्रा ठोकलेला, वर कौलं. जमीन शेणाने सारवायची, ती आम्हीच सारवायची. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. पावसाळ्यात तिथून पाणी, थंडीत वारा आणि बारा महिने उंदीर. दिवा एकच, आणि त्याचं बटण काकूंच्या माजघरात. जेवणं झाली की त्या बंद करायच्या. मग आम्ही रॉकेलच्या चिमणीवर काजं करायचो. संडास मागे, माडांच्या पलीकडे. तिथे जायचं तर काकांच्या खिडकीखालून जावं लागे. मला इतकी लाज वाटायची की मी दुपारनंतर पाणी पीत नसे.

बाकीच्या दोघींची नावं लिहीत नाही. एक हातखंब्याची होती. तिच्या वडिलांचं हायवेला दुकान होतं, ती सातवी शिकलेली, बोलायला पटाईत. दुसरी बुरोंडीची, लांबून आलेली, माझ्यासारखीच गरीब पण माझ्याएवढी मुखदुर्बळ नव्हती. ती घरून सुकट आणायची. काकूंना वास आला की त्या दारातून म्हणायच्या, "आज समुद्र आला वाटतं आमच्याकडे."

हातखंब्याची मला सगळ्यांसमोर म्हणायची, "हिला बोलायला लावायचं तर आधी अर्ज करायला लागतो." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. न हसून काय करणार होते? तिच्याकडे पत्र्याची मोठी ट्रंक होती, कुलूप लागणारी. माझ्याकडे गाठोडं आणि बुरोंडीचीकडे पिशवी. उंदरांमुळे आमच्या दोघींचे शिवलेले कपडे तिच्याच ट्रंकेत राहायचे. त्याबद्दल तिच्या वाटचं पाणी मी भरायची. असं काही ठरलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात एकदा मी तिची कळशी आणली, आणि मग ती माझीच झाली.

वर्गातल्या बाई चांगल्या होत्या. मला आकडे जमत नसत. छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच म्हटलं की मी गोंधळून जायची. बाईंनी मला टेप दुमडून चौथा भाग काढायला शिकवलं. त्यानंतर माझं कधी चुकलं नाही. परीक्षेला दोन भाग असायचे. एक म्हणजे तिथेच बसून बेतायचं आणि शिवायचं. दुसरा म्हणजे वर्षभरात शिवलेले कपडे इस्त्री करून मांडायचे: झबलं, फ्रॉक, परकर, ब्लाउज, सदरा. दोन्हीत पास व्हावं लागायचं. माझा सदरा बाईंनी उलटा करून सगळ्या वर्गाला दाखवला होता. आतली शिवण बघा म्हणाल्या होत्या. हातखंब्याची तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

मार्च संपला आणि परीक्षा पुढे गेली. तपासायला येणाऱ्या बाई बाहेरगावच्या होत्या, त्यांना मे महिन्याशिवाय यायला जमत नव्हतं. आम्हाला खोली सोडून चालणार नव्हतं, कारण वर्गातली मशिनं सरावाला मिळत होती. काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहा की. पण मी सांगितलेलं आठवतंय ना?"

थोडे आंबे म्हणजे आमच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पेंढा पसरला. त्यावर आंबा, आंब्यावर पेंढा, पुन्हा आंबा. आढी लागली आणि आम्हाला दाराजवळ तीन चटया मावतील एवढी जागा उरली. भाडं तेवढंच. हातखंब्याचीने विचारून बघितलं तर काकू म्हणाल्या, "तुम्ही तिघी मिळून एका माणसाएवढ्या. वाळक्या कुठल्या. तुम्हाला जागा किती लागते गो?" तीही हसली आणि विषय संपला.

आढीजवळ ज्यांना झोपायला लागलेलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पिकायला लागलेल्या आंब्याला ऊब असते. मे महिन्याचा उकाडा, वर कौलं तापलेली, आणि बाजूला हे गरम ढीग, जसं काही तापातलं माणूस शेजारी झोपलंय. चिलटं तोंडात जायची. मुंग्यांची रांग चटईवरून. खोलीत स्टोव्ह पेटवायला बंदी, पेंढा पेट घेईल म्हणून. आम्ही मागे तीन दगडांवर भात शिजवायचो. संध्याकाळी काकू येऊन म्हणायच्या, "बसल्याच आहात तर जरा आढी परता हां. पाय जपून. एक फळ चेपलं तर बाजूची दहा जातात." आम्ही आंबे परतायचो. पिकलेले काढून पेटीवाल्यासाठी वेगळे ठेवायचो. खायला कधी दिला नाही. आम्ही मागितलाही नाही. मुंबईला जायचा माल होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काकूंची कोळशाची इस्त्री मागून आणली. निखारे खोलीत न्यायचे नव्हते म्हणून घरापुढच्या खळ्यात फळी टाकून इस्त्री केली. आधी हातखंब्याचीने, मग बुरोंडीचीने, शेवटी मी. प्रत्येकीने आपापले कपडे घडी घालून ट्रंकेत ठेवले. माझे सगळ्यात वर. मग मी विहिरीवर गेले. संध्याकाळची वेळ, विहिरीवर बायकांची गर्दी. मी नेहमी सगळ्या गेल्यावर पुढे व्हायची. परत आले तेव्हा अंधार पडला होता, बागेतून टेम्पो येऊन गेला होता, आणि आमच्या चटयांच्या उशाशी ताज्या काढलेल्या आंब्यांच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या होत्या. आम्ही पाय जवळ घेऊन झोपलो.

सकाळी ट्रंक उघडली तर माझे कपडे त्यात नव्हते.

"माझे कुठे गेले?" मी विचारलं.

हातखंब्याची वेणी घालत होती. "ते होय? माझ्या परकराची झालर चुरगळत होती. तुझे काढून तिकडे पेंढ्यावर ठेवले. मऊ जागा आहे."

त्या मऊ जागेवर टोपली होती. आदल्या संध्याकाळी काका टेम्पोतून उतरवत होते आणि काकू अंधारात जागा दिसेल तिथे ठेवत होत्या, त्यांनी खाली काय आहे ते बघितलं नाही. मी टोपली उचलली. ताज्या आंब्याचा देठ मोडला की चीक उडतो, पाण्यासारखा. तो अंगाला लागला तर कातडी भाजते आणि कपड्याला लागला तर रात्रभरात काळा होतो. झबलं आणि फ्रॉक खाली होते, वाचले. परकराला काठाशी लागलं होतं. सदऱ्याच्या पाठीवर काळा ओघळ, आणि ब्लाउजच्या पुढच्या भागावर, टक्सच्या शिवणीच्या बरोबर खाली, दोन तळव्यांएवढे डाग.

बुरोंडीचीने चिमणीतलं रॉकेल फडक्यावर ओतून दिलं. मी घासलं. कड जरा फिकी झाली, डाग पसरला. काकू बघायला आल्या. "चीक तो. जायचा नाय गो. जन्मात जायचा नाय." मग आत जाता जाता म्हणाल्या, "कपडे काय आंब्याखाली ठेवतात?"

मी तसेच कपडे घेऊन गेले.

पहिला भाग चांगला गेला. ब्लाउज बेतायचा होता. मी टेप दुमडला, बेतला, शिवला. बाहेरगावच्या बाई माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या, बाही जोडताना बघत होत्या आणि चूक न दाखवता पुढे गेल्या. मला वाटलं, होईल. मग टेबलावर कपडे मांडायला सांगितले. मी डागाची बाजू खाली करून ब्लाउज ठेवला. पण तपासणारा माणूस कपडा उलटतोच, मी स्वतः तसंच केलं असतं. त्यांनी तो दोन बोटांत धरून उचलला आणि नाकाजवळ नेला.

"रॉकेल? आणि हे काय सांडलंय?"

सांगायचं सगळं होतं. खोली, पेंढा, ट्रंक, टोपली. कुठून सुरुवात करायची ते कळेना. वर्गातल्या बाई मान पुढे करून माझ्याकडे बघत होत्या, बोल म्हणून. माझ्या एका बाजूला बुरोंडीची, दुसऱ्या बाजूला हातखंब्याची.

हातखंब्याची म्हणाली, "आंबे खाल्ले असतील, बाई. त्यांच्या खोलीत ढीगभर आहेत."

त्यांच्या खोलीत, म्हणाली. जशी ती कुठे दुसरीकडे राहत होती. सगळ्या मुली हसल्या. परीक्षेच्या ताणात होत्या, हसायला कारणच हवं होतं. बाहेरगावच्या बाईही हसल्या, पण वेगळं. "परीक्षेच्या कपड्यांवर बसून आंबे खायचे? आणि उद्या तुम्ही गावात दुसऱ्यांना शिकवणार." त्यांनी सदरा उलटून आतली शिवण बघितलीच नाही. पाठीवरचा ओघळ दिसला तेवढ्यावर बाजूला सारला आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. पुढची म्हणजे हातखंब्याची. तिच्या परकराची झालर सरळ होती.

परतताना बुरोंडीची माझ्याबरोबर चालत होती. मग म्हणाली, "मी सांगणार होते त्यांना. तोंडापर्यंत आलं होतं."

मी चालत राहिले.

"पण ट्रंक तिची होती गो," ती म्हणाली.

हातखंब्याचीचा राग मला आला आणि काही वर्षांनी कमी झाला. ती तशीच होती, तिने झालरीचा विचार केला. ट्रंकेच्या ह्या एका वाक्याचा मात्र राग गेला नाही. कारण ते खरं होतं आणि मलाही सकाळी तेच वाटलं होतं.

वर्गातल्या बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू एक शब्द बोलली असतीस तर मी पुढे काहीतरी केलं असतं." नंतर आईही तेच म्हणाली, भाऊही तेच. तू बोलली असतीस तर. बोलणाऱ्या तिथे दोघी होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

खोली सोडताना काकूंनी पिशवीत पाच-सहा आंबे घालून दिले, मऊ पडलेले, पेटीत न चालणारे. "वाटेत खा. एवढे दिवस राहिलात." मी घरी नेले. आई खूश झाली. तिने शेजारीपाजारी फोडी वाटल्या आणि सगळ्यांना सांगितलं, मुलगी शिकून आली, येताना रत्नागिरीचा हापूस घेऊन आली.

निकाल पावसात कळला. कपड्यांच्या भागात नापास. पुन्हा बसता येतं असं ग्रामसेविका बाई म्हणाल्या, पण त्यासाठी पुन्हा रत्नागिरीत राहायला हवं होतं, आणि भावाने एकच वर्ष म्हटलं होतं. मशीन दुसऱ्या गावच्या मंडळाला गेलं. गणपतीला भाऊ आला आणि विसर्जनानंतर जाताना मला घेऊन गेला.

वहिनी वाईट नव्हती. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, "शिवण येतं ना तुला? मग पडदे तरी शिवून दे." कापड तिने आधीच आणून ठेवलं होतं. मशीन शेजारच्या बाईंचं. मी त्यांच्याकडे दुपारी बसून पडदे शिवले, एक मूल मांडीजवळ, एक पाठीमागे. शेजारच्या बाईंनी पडदा उलटा करून आतली शिवण बघितली, बोट फिरवलं.

"कुठे कोर्स केलास का?" त्यांनी विचारलं.

मी बोलायच्या आत वहिनी दारातून म्हणाली, "नाही हो, घरीच शिकली. गावाकडच्या मुली करतात असं काहीतरी."

मी दोरा तोडला आणि दुसरा पडदा घेतला.