काचेचा डबा

दोन वर्षांपूर्वी मी साखर सोडली, मैदा सोडला, तळलेलं सोडलं आणि त्यांच्याबरोबर अक्कलही सोडली. रिपोर्टमध्ये शुगर काठावर आली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, बेताने खा. मला बेताने काही जमत नाही. नाशिकच्या ऑफिसात मी लोकांच्या डब्यात डोकावून शेरे मारू लागलो. वजन उतरलं आणि माज चढला.

त्या वर्षी भाऊबीजेला लासलगावला ताईकडे गेलो. ताईने आपल्या पसंतीने, जातीबाहेर लग्न केलेलं, कांदा पिकवणाऱ्या घरात. आमचे वडील गोदाकाठी यात्रेकरूंच्या पूजा सांगणारे. चार वर्षं त्यांनी तिचं नाव काढलं नाही. मग एकदाच तिच्या घरी गेले, तेही घरून डबा घेऊन. ओसरीवर एकटे बसून जेवले, तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी कॉलेजात होतो, त्यांच्याबरोबर गेलो होतो. मला त्यांची भयंकर चीड आली होती.

ताईने ओवाळलं आणि अनारसा माझ्या तोंडाशी आणला. माझ्यासाठी तिने आठवडाभर आधीच तांदूळ भिजत घातले होते. मी मान मागे घेतली. "हे विष बंद केलंय मी," असं हसत म्हणालो. नंतर पानं वाढली, तेव्हा पिशवीतून माझा काचेचा डबा काढला. मोड आलेले मूग आणि काकडी. सगळे जेवायचे थांबले.

ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरचं अजून बी चालत नाय व्हय तुमाला?"

मी शुगर, कॅलरी असं काहीबाही सांगत सुटलो. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं. शेवटी ताईच म्हणाली, "आई, तसं नाय. त्याला पथ्य आहे." तिने माझी बाजू सावरून घेतली आणि मी निवांत मूग चावत बसलो.

निघताना तिने तो डबा धुऊन, पुसून माझ्या हातात दिला.

"बाबांचा पितळेचा होता," ती म्हणाली.

आता मी सगळं खातो, बेताने. पथ्यात काही चूक नव्हती. ते मिरवायला मी तिचं घर निवडलं, याची लाज वाटते. यंदा आधीच फोन करून सांगितलं, अनारसे कर, मी खाणार आहे. तिने केलेही. ओवाळून झालं. मी लहानपणीसारखं तोंड उघडून बसलो.

तिने ताटली पुढे सरकवली. म्हणाली, "तुला चालेल तेवढं तुझं तू घे."