गाडी तपासून देणारे चाचा

बॉनेट ते सगळ्यात शेवटी उघडत. आधी मागच्या सीटवर बसून सीट बेल्ट पार टोकापर्यंत ओढून काढत आणि नाकाशी नेत. विकणारा तोवर इंजिनाचे गुण गात असे. चाचा त्याच्याकडे न बघता आम्हाला म्हणत, "मालकाचा आयकू नका. गाडी काय बोलते ती आयका."

तुम्ही आखातात राहिला असाल तर असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आमचे चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. दम्मामच्या एका गॅरेजात पंचवीस वर्षं मेकॅनिक, त्यातली शेवटची दहा हायब्रिडवर. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते आम्हा मराठी लोकांना जुन्या गाड्या तपासून देत. पैसे घेत नसत. आम्हीही फारसा आग्रह करत नव्हतो.

आमच्या कंपनीतला एक नाशिककर अमेरिकेहून आलेल्या एका चकचकीत गाडीवर भाळला होता. चाचांनी पट्टा ओढला. टोकाला वाळक्या चिखलाची बारीक रेघ होती. "साहेब, ही जहाजातून नाय आली. पोवत आली." तिकडे पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून इकडे येतात. गालिचे बदलतात, सुगंध फवारतात, पण पट्ट्याचं आतलं टोक कोणी धूत नाही. नाशिककर गाडी न घेता परतला आणि पुढे महिनाभर ही युक्ती स्वतःचीच असल्यासारखी सगळ्यांना सांगत होता.

गाडी सुरू करण्याआधी ते इंजिनावर तळहात ठेवत. गरम लागलं तर कपाळाला आठ्या. "आपण येनार म्हनून तापवून ठेवलीय. थंड चालू झाली की खोकते, ता लपवायचा हाय." हायब्रिड असली तर मग मागच्या सीटच्या बाजूची जाळी काढत. बॅटरीला गार हवा देणारा पंखा तिथे असतो आणि इथली धूळ त्यात गच्च बसते. बॅटरीला दमा होतो, असं ते म्हणत.

त्यांची एकच मुलगी. इथल्या भारतीय शाळेत बारावीला होती. बायकोचा आणि मुलीचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्यांच्या नोकरीला बांधलेला, त्यामुळे मार्चची परीक्षा होईपर्यंत त्यांना नोकरी टिकवायची होती. "तेवढा पार पडू दे. मंग कफील उद्या जा म्हनाला तरी जाईन," असं ते दर शुक्रवारी एकदा तरी म्हणत. कफील म्हणजे इथला मालक, ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो.

डिसेंबरात माझी पाळी आली. कामासाठी लांब रास अल खैरला आठवड्यातून तीनदा जावं लागे आणि मला हायब्रिड हवी होती. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका डेपोतली पांढरी गाडी पसंत पडली. विकणारा चहाला गेला होता तेवढ्यात चाचांनी आपलं छोटं मशीन लावलं आणि बराच वेळ आकडे बघत बसले.

"बॅटरीचे दोन भाग दमलेत. जुन्या चुका मशीन लावून पुसल्यात, म्हनून दिवा लागत नाय. घेऊ नका. घेतलीत तर बॅटरीचा खर्च धरून भाव करा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझा नाव घेऊ नका."

"का हो, चाचा?"

"नको म्हटला ना."

मी पुण्याचा इंजिनिअर. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं. दुसऱ्या दिवशी भाव करायला एकटाच गेलो. विकणारा हसून म्हणाला, "बॅटरी खराब? किसने बोला आपको?" वाद जिंकण्याची खुमखुमी मोठी वाईट. मी चाचांचं नाव सांगितलं, वर गॅरेजही सांगितलं आणि त्यांच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाची ग्वाही दिली. विकणारा पुढे वाद घालत बसला नाही. लगेच भाव उतरवला. मी खूश होऊन गाडी घेतली.

त्या डेपोचा आणि चाचांच्या गॅरेजचा कफील एकच होता. मला ते माहीत नव्हतं. चाचांना माहीत होतं. आपल्याच मालकाच्या मालाबद्दल ते मला खरं सांगून बसले होते, आणि बदल्यात आपलं नाव येऊ नये, एवढंच त्यांनी मागितलं होतं. चौथ्या दिवशी कफीलने त्यांचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा देश सोडण्याचा व्हिसा, काढला. नोटीस नाही, चर्चा नाही, खलास.

आमच्या मंडळात हळहळ झाली. दोन मिनिटं. मग कुणीतरी विचारलं, "आता गाड्या कुणाकडून तपासून घ्यायच्या?" मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी त्यांच्या घरी गेलो. दार मुलीने उघडलं. मागे दोऱ्यांनी बांधलेली खोकी दिसत होती. चाचांच्या चपला दाराशीच होत्या, आत त्यांचा खोकलाही ऐकू आला, पण ते बाहेर आले नाहीत. मी तिला, चाचांना भेटायचंय, असं म्हणालो. तिने आत पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

मी वळलो तेव्हा तिने हाक मारली. "अंकल, आप तो इंजिनिअर हो ना? इंडिया में जनवरी में ट्वेल्थ का अ‍ॅडमिशन मिलता है क्या?"

"पूछके बताता हूँ," मी म्हणालो.

विचारण्यासारखं काही नव्हतं. मिळत नाही, हे मला तिथे दारात उभा असतानाच माहीत होतं.